दादरची पारशी कॉलनी

१८९६ साली प्लेगने मुंबईत हाहाकार उडवला, तेव्हा कोंदट वस्त्यांतील गर्दी विरळ करण्याच्या हेतूने सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, आणि कालांतराने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत आखली गेली. ट्रस्टच्याच नोकरीत असलेले अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांनी त्यांतील १०३ भूखंड मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी राखून ठेवण्याची तजवीज केली. फाइव्ह गार्डन्सभोवती वळणारे रुंद रस्ते, फिरदौसी मार्गावरील महोगनीची रांग, उंबरठ्याशी उमटवलेली चुन्याची रांगोळी आणि बेताच्या उंचीच्या इमारतींचे हवेशीर सज्जे पाहिले, म्हणजे साथीच्या धास्तीतून जन्मलेल्या या नगररचनेने आरोग्याबरोबर सौंदर्याचाही विचार किती साक्षेपाने केला होता, याची प्रचीती येते.