शिकता शिकता सेवा – भाग ८ : एचएसआरच्या कुशीतली वस्ती आणि फेलोची वही

गेल्या आठवड्यात आपण सेवाग्रामला होतो. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी सुरुवातीला आश्रमात राहतो आणि त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते. तिथे सेवा अभ्यासक्रमातच विणलेली आहे. पण ज्यांच्या कॉलेजात असं काही नाही, त्या नर्सिंग, फिजिओथेरपी, समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी फेलोशिपची वाट आहे. ती बघायला आज बंगळुरूला जाऊ.

आयटीत नोकरी करणाऱ्या मराठी मुलांना एचएसआर लेआउट चांगलाच ठाऊक असतो. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्यामधली ही आखीव वसाहत आज नवउद्योगांचं गाव झाली आहे. तिच्या कडेला मंगम्मनपाळ्य, सोमसुंदरपाळ्य ही जुनी गावं आहेत, आता शहराने पोटात घेतलेली. बंगळुरूच्या अशा भागांत भाड्याच्या खोल्यांतून, पत्र्याच्या शेडमधून कष्टकरी राहतात. त्यातले कित्येक सोलापूरच्या पलीकडच्या कलबुर्गी-रायचूर पट्ट्यातून आलेले असतात. इमारती बांधायच्या, कचरा उचलायचा आणि फ्लॅटमधली धुणीभांडी करायची, ही कामं त्यांची.

अशा वस्तीत विद्यार्थी आला की पहिला विचार येतो शिबिराचा. बॅनर लावायचा, बीपी-शुगर तपासायची, गोळ्या वाटायच्या, संध्याकाळी परत. शिबिरातून कुणाचा तरी आजार लवकर सापडतो, हे मी नाकारत नाही. पण वस्तीला त्यातून फारसं काही मिळत नाही आणि विद्यार्थी तर जवळजवळ काहीच शिकत नाही.

त्याऐवजी गृहभेटीला गेलेली एखादी फेलो डोळ्यांसमोर आणा. समोरच्या बाईंना बीपी आहे. गोळ्या महिन्याच्या मिळालेल्या, पण दीड महिना झाला तरी पट्टीत गोळ्या शिल्लक आहेत. घाईची फेलो वहीत लिहील, ‘रुग्ण औषध नियमित घेत नाही.’ जरा टेकून बसलेली विचारेल, ‘अक्का, सकाळी किती वाजता निघता?’ मग कळतं की बाई सहाला घर सोडतात, चार फ्लॅटची कामं उरकून दुपार कलल्यावर परततात. बंगळुरूत फेब्रुवारी २०२३ मध्ये १०८ ‘नम्म क्लिनिक’ सुरू झाली, तपासणी आणि औषधं मोफत. पण त्यांची वेळ ठरली सकाळी नऊ ते दुपारी साडेचार. गोळ्या आणायच्या तर खाडा होतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून बाई एक दिवसाआड गोळी घेऊन महिन्याचा साठा पुरवतात. आता वहीतली नोंद बदलते, आणि पुढचं कामही. बाईंना समजावत बसण्यापेक्षा दवाखान्याची वेळ संध्याकाळपर्यंत वाढवून मागणं जास्त उपयोगाचं, हे तिच्या लक्षात येतं.

ही दृष्टी आपोआप येत नाही, ती घडवावी लागते; आणि तसं घडवणारं काम इथे जवळच उभं राहिलं. एचएसआरच्या शेजारीच, कोरमंगलाच्या बाजूला, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सामुदायिक वैद्यक विभागात शिकवणारे डॉ. रवी नारायण आणि डॉ. थेल्मा नारायण यांनी १९८४ साली ‘कम्युनिटी हेल्थ सेल’ सुरू केला. १९९१ मध्ये त्यातून ‘सोचारा’ ही संस्था नोंदली गेली आणि एचएसआरला लागून असलेल्या जक्कसंद्रमधून तिने बरीच वर्षं काम केलं. महाराष्ट्राशी यांचं नातं जुनं आहे. १९७४ पासून चालत आलेल्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या गटात ही मंडळी आणि आपल्याकडचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखे कार्यकर्ते एकत्र वाद घालत, एकत्र शिकत.

सोचाराने २००३ च्या सुमारास सर रतन टाटा ट्रस्टच्या मदतीने सामुदायिक आरोग्याची फेलोशिप सुरू केली. तिच्यात मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे दार फक्त डॉक्टरांना उघडं नव्हतं. परिचारिका, समाजकार्यकर्ते, इतर शाखांचे पदवीधर एकाच खोलीत बसत. दुसरी म्हणजे मेंटॉर. काय शिकायचं हे फेलोने स्वतः ठरवायचं, काही काळ बंगळुरूत चर्चा करायच्या, काही काळ एखाद्या संस्थेसोबत फील्डवर राहायचं, आणि या सगळ्यात एक अनुभवी माणूस सतत सोबत. वर सांगितलेली गोळ्यांची नोंद वाचून ‘निघायची वेळ विचारलीस का?’ असं म्हणणारं कुणीतरी लागतं. तो माणूस नसेल तर फेलोशिप म्हणजे स्वस्तात मिळालेला मदतनीस.

अशीच एक वाट अमेरिकेतही आहे, अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या नावाची फेलोशिप. त्यांच्या आफ्रिकेतल्या लांबारेनेच्या रुग्णालयाला मदत पोचवण्यासाठी १९४० साली अमेरिकेत एक संस्था निघाली. १९९० च्या दशकात तिने अमेरिकेतल्याच शहरांतल्या उपेक्षित वस्त्यांकडे लक्ष वळवलं. आरोग्य आणि समाजसेवेच्या शाखांचे विद्यार्थी शिक्षण चालू ठेवून वर्षभरात किमान २०० तास वस्तीत काम करतात. आपल्याकडेही एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घ्यायची तरतूद आली आहे. ती यावी हे योग्यच. पण तासांचा किंवा कुटुंबांचा आकडा सोपा असतो, रजिस्टरमध्ये भरता येतो. सोबत बसणारा शिक्षक द्यायचा तर कॉलेजला माणसं नेमावी लागतात, आणि बहुतेकांची तिथेच अडचण होते.

राहिला प्रश्न मानधनाचा. फेलोशिपचं मानधन खोलीच्या भाड्यालाही पुरत नसेल, तर घरून पैसे येणारीच मुलं अर्ज करतील. एचएसआरच्या परिसरात खोली परवडणं सोपं नाही. म्हणजे जी मुलगी स्वतः अशाच वस्तीतून नर्सिंगला आली, जिला खाडा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, नेमकी तीच गळणार. निवड समितीने गुणपत्रिकेआधी या मुलीचं खोलीभाडं, जेवण आणि बसचा पास यांचा हिशोब मांडावा आणि त्यावरून मानधन ठरवावं. पुण्या-मुंबईत अशी फेलोशिप सुरू करू पाहणाऱ्या संस्थांनाही माझं हेच सांगणं आहे.

(पुढच्या आठवड्यात गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ या उपक्रमाविषयी.)