भुंगेऱ्यांची नोंद कोण ठेवणार?

वळवाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, की शेवगावच्या शिवारात दिवेलागणीच्या सुमारास जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि बांधावरच्या बाभळी-कडुनिंबांवर जमतात. हे हुमणीचे प्रौढ रूप होय. रात्री पाला खाऊन व मीलन उरकून ते पहाटेपूर्वी मातीत परततात. माद्या तेथेच अंडी घालतात आणि पुढे अळ्या उसाची, भुईमुगाची मुळे कुरतडतात. वर्षाकाठी पिढी एकच. म्हणून फांद्या हलवून भुंगेरे पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, हा स्वस्त उपाय त्या थोड्या रात्रींपुरताच उपयोगी पडतो. आणि तोही साऱ्या गावाने एकाच वेळी केला तरच.

ती रात्र हेरावयाची, तर मागील वर्षांच्या नोंदी हाताशी हव्यात. भुंगेरे कोणत्या तारखेस, किती पावसानंतर, कोणत्या झाडावर दिसले? पाऊस मिलिमीटरने मोजला जातो, पीकपाणी सातबाऱ्यावर चढते. भुंगेऱ्यासाठी मात्र त्यात रकाना नाही.

प्रश्न केवळ शत्रूचाच आहे असेही नव्हे. कपाशीवरील मावा फस्त करणारा ढालकिडा, शेण मातीत मुरविणारा शेणकिडा, याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याला ज्याच्यासाठी गर्दी लोटते तो काजवा, हे सारे भुंगेऱ्यांच्याच गणातले. जगात या गणाच्या सुमारे 4 लाख जाती ज्ञात आहेत. त्यांत आपले कोण व परके कोण, हेही पारखावे लागते. गाजरगवत खाणारा पिवळसर, काळ्या रेघांचा भुंगेरा मेक्सिकोहून आणून 1984 साली बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आला होता. ढालकिडा म्हणून त्याची नोंद झाली, तर ती वही दिशाभूलच करील.

या कामास मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या वहीत तारीख, ठिकाण, झाड आणि संख्या लिहावी, सोबत छायाचित्र ठेवावे. ओळख पटविण्यासाठी राहुरीचे कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे; भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्रही पुण्यात आहे. ज्या सायंकाळी शोधूनही काही दिसले नाही, तीही अवश्य नोंदवावी. हुमणी वाढली, तर उसाचे वाळलेले बेट ते सांगते. ढालकिडा वा शेणकिडा नाहीसा झाला, तर ते सांगणारे त्या वहीवाचून दुसरे काहीच नसेल.