जाणकारीला कागद कोण देणार?

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी थोडा वेळ थांबावे. कचरावेचक मावशी सुका कचरा ओतते आणि लगेच निवडायला बसते. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा दुसरीकडे, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या आणि त्यांची झाकणेही वेगळी, कारण झाकणाचे प्लास्टिक निराळे असते. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला आकडा वाचायची तिला गरज पडत नाही. दाबून, वाकवून, वाजवून तिला कळते. त्या त्रिकोणातला 1 म्हणजे पीईटी आणि 2 म्हणजे एचडीपीई, हे पर्यावरणाच्या वर्गात शिकवले जाते. मावशीची परीक्षा भंगाराच्या दुकानातल्या काट्यावर रोज होते. माल मिसळलेला निघाला की भाव पडतो.

पर्यावरण सांभाळणे हा आता पेशा झाला आहे आणि पेशा म्हटला की प्रमाणपत्र आले. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला आणि पुढे ऊर्जा लेखापरीक्षकांची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. हरित इमारतींच्या सल्लागारांसाठी इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची परीक्षा आहे. ब्रिटनमध्ये तर ‘चार्टर्ड एन्व्हायर्नमेंटलिस्ट’ ही सनद मिळते. ही शिस्त हवीच. बॉयलरमधून किती उष्णता वाया जाते हे सांगणाऱ्या माणसाला ते खरोखर मोजता येते की नाही, याची खात्री कारखानदाराला कशी पटणार?

अडचण उंबरठ्याची आहे. ऊर्जा लेखापरीक्षक व्हायचे तर आधी पदवी किंवा पदविका लागते आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी शाळेची पायरी न चढता तीस वर्षे साहित्याचा पुनर्वापर घडवून आणला, त्यांची गणना पर्यावरणाच्या जाणकारांत कुठेच होत नाही. त्यांत बहुसंख्य बाया आहेत आणि त्याही बहुतेक दलित समाजातल्या.

त्यांना पहिला कागद मिळाला तो त्यांच्या स्वतःच्या संघटनेचा. 1990च्या आसपास पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचक बायांबरोबर काम करू लागल्या. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यांतली ठळक नावे. मे 1993मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने मेळावा भरला, 800हून अधिक कचरावेचक जमले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीने सभासदांना ओळखपत्रे दिली. 1995-96च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ती मान्य केली. पाठीवर पोते घेऊन पहाटे हिंडणाऱ्या बाईकडे चोर म्हणून पाहायची रीत होती. पोलिसाने हटकले तर दाखवायला आता तिच्या हातात काही तरी होते.

त्या एका कार्डाने पुढची दारे उघडली. 2002-03मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांसाठी आरोग्य विमा सुरू केला. 2008 साली ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. रस्त्याकडेच्या कचराकुंडीत हात घालणारी बाई सेवाशुल्क घेऊन दारात येऊ लागली. पुढे देशाच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी, 2016 साली, कचरावेचकाची व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. ब्राझीलने तर 2002मध्येच आपल्या अधिकृत व्यवसाय-यादीत कचरावेचकांची नोंद केली होती.

राजस्थानातल्या तिलोनियाने मात्र कागदालाच नकार दिला. बंकर रॉय यांनी 1972मध्ये सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजात देशोदेशींच्या खेड्यांतल्या, कित्येकदा निरक्षर असलेल्या बाया सुमारे सहा महिन्यांत सौरदिव्यांची जोडणी शिकतात. भाषा येत नाही म्हणून खुणांनी आणि रंगांच्या सांकेतिक पद्धतीने शिकवले जाते. शेवटी प्रमाणपत्र दिले जात नाही. ते हातात पडले की माणूस नोकरीसाठी शहर गाठतो, असा रॉय यांचा अनुभव. गावात हे चालते, कारण दिवा कोणी लावला हे सगळ्या गावाला माहीत असते. शहरात पोतेवालीला कोणी ओळखत नाही. तिथे कार्ड लागतेच.

सरकारी कौशल्य योजनांत आता ‘आरपीएल’ची सोय आहे. म्हणजे कामातून शिकलेले कौशल्य तपासून त्याचे प्रमाणपत्र देणे. हरित रोजगारांसाठी 2015पासून वेगळी कौशल्य परिषदही आहे. वाट चांगली आहे, पण ती रुंद व्हायची तर परीक्षा तोंडी आणि मराठीत हवी, रोजगार न बुडवता वस्तीजवळ हवी आणि परीक्षकांत या धंद्यात हात काळे केलेले कोणी तरी हवे. प्रमाणपत्रामुळे दर वाढत नसेल, तर त्यासाठी एका दिवसाची कमाई सोडायला कोण तयार होईल?

जून 2024मध्ये केंद्राच्या ‘नमस्ते’ या सफाई कामगारांसाठीच्या योजनेत कचरावेचकांचा समावेश झाला. नोंद सरकार करील, पण मान आपल्या दारातच मिळायला हवा. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत कचऱ्याचा विषय निघेल, तेव्हा रोज येणाऱ्या मावशींनाही बोलवा. काय बदलायला हवे ते त्यांना विचारा आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या पूर्ण नावानिशी इतिवृत्तात लिहा.