जुन्या गाडीचे स्टिअरिंग आणि अलाइनमेंटची घाई

पुण्याहून साताऱ्यास जाताना खंबाटकी घाटाच्या उतारावर आमची चौदा वर्षांची मारुती 800 अचानक डावीकडे ओढ घेऊ लागली. आदल्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घेतले होते! दोष निघाला तो टाय रॉड एंडमध्ये. सांधाच सैल असताना केलेले अलाइनमेंट टिकणार तरी कसे?

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. प्रथम टायरांतील हवा पाहावी. ओढ केवळ ब्रेक दाबल्यावरच जाणवत असेल, तर पुढील एखादा ब्रेक अडकल्याची वा लोअर आर्मचा रबरी बुश फाटल्याची शंका घ्यावी. त्यानंतर सपाट जागी, मागील चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे. (गाडीखाली मात्र कदापि शिरू नये.) चाक डावी-उजवीकडे धरून हलवताना ढिले लागले, तर बहुधा टाय रॉड एंड, वर-खाली धरून हलले, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बॉल जॉइंट निखळल्यास धावत्या गाडीचे चाक आडवे पडते. तेव्हा असा ढिलेपणा आढळताच मेकॅनिकला घरी बोलवावे अथवा गाडी उचलून न्यावी; 'गॅरेज जवळच आहे' हा विचार करू नये.

झीज व यांत्रिक बिघाड यांची भरपाई नेहमीच्या वाहन विम्यात मिळत नाही. टाय रॉड एंड आम्ही स्वखर्चाने बदलला आणि अलाइनमेंटचे पैसे पुन्हा एकदा मोजले.