घरगुती कुंड्यांच्या मातीतील कीड व तिचे व्यवस्थापन : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कृष्णाकाठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत हुमणी ही ऊस उत्पादकांची जुनी समस्या आहे. हीच अळी शहरातील गच्चीवरच्या कुंडीतही आढळते. कारण कुंडीत भरावयाची माती व शेणखत बहुधा शेतातूनच येते. प्रस्तुत लेखात कुंडीतील मातीच्या किडींची ओळख व त्यांच्या सुरक्षित नियंत्रणाचे विवेचन केले आहे.

किडींची ओळख :
१) हुमणी : वळवाच्या पावसानंतर हिचे भुंगेरे सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात व होलोट्रिकिया जातीचे भुंगेरे कडुनिंब, बाभळीचा पाला खातात. मादी मातीत अंडी घालते. पांढरी, अर्धवर्तुळाकार अळी मुळे कुरतडते. झाड पिवळे पडते व सहज उपटून येते. मात्र उकिरड्यातील प्रत्येक जाड अळी हुमणी नसते. गेंड्या भुंग्याची अळी कुजलेल्या पदार्थांवरच जगते.
२) बारीक काळ्या माश्या : सतत ओल्या राहणाऱ्या मातीत यांच्या अळ्या बुरशी व कोवळी मुळे खातात.
३) मुळांवरील पिठ्या ढेकूण : मुळांवर पांढरा कापसासारखा थर दिसतो.

व्यवस्थापन :
शेणखत पूर्ण कुजलेले व चाळलेले असावे. माती उन्हाळ्यात ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवावी. हुमणीग्रस्त कुंडी रिकामी करून अळ्या वेचाव्यात; नव्या मातीत मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळावी. माश्यांसाठी मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे व पिवळे चिकट सापळे लावावेत. पिठ्या ढेकणांसाठी मुळे धुऊन झाड नव्या मातीत लावावे.

एक धोका :
शेतीतील सवयीने कुंडीतही फोरेटचे दाणे टाकले जात. हे अत्यंत विषारी कीटकनाशक मुळांवाटे पानांत पोहोचते. तुळस, कढीपत्ता व गवती चहा यांची पाने आपण थेट सेवन करतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटच्या वापरावर बंदी आहे. घरातील जुना साठाही वापरू नये.

समारोप :
कुंडीतील कीड ही मुख्यतः माती, खत व पाणी यांच्या हाताळणीतून उद्भवते. म्हणून उपायाचा आरंभही औषधापासून नव्हे, तर मातीपासूनच व्हावा. महाविद्यालयांच्या आवारातील कुंड्यांपासून ही पद्धत अंगीकारल्यास ती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचू शकेल.