दगडांत मुरणाऱ्या नद्या

बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशी गावं ओवत पश्चिमेला जातो. उजव्या हाताला सातपुडा सोबत चालतो, डाव्या हाताला शिवार हळूहळू तापीकडे उतरत जातं. या रस्त्यावर पूल बरेच आहेत. पावसाळा सरला की त्यांतल्या बहुतेकांखाली पाणी नसतं, नुसते गोटे. आणि पुलाच्या अल्याड-पल्याड मात्र केळीच्या गर्द बागा. पाऊस इथे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. नदी कोरडी आणि केळी तरारलेली, हे गणित नवख्याला सुटत नाही.

ते सुटतं डोंगराच्या पायाशी. तापीचं खोरं ही खचदरी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, आणि मधली जमीन भेगांवरून खाली बसलेली. अडावदजवळ उनपदेवला बारमाही गरम पाणी येतं, ते या भेगांचंच लक्षण मानलं जातं. खचलेला खड्डा पुढे नद्यांनीच भरला. सुकी, मोर, गुळी, अनेर या नद्या सातपुड्यातून धावत सुटतात आणि उतार एकदम मोडतो तिथे त्यांचा दम जातो. आधी धोंडे टाकले जातात, मग गोटे, मग वाळू. बारीक गाळ तेवढा पुढे तापीपर्यंत पोहोचतो. प्रत्येक नदीच्या तोंडाशी असा दगडांचा पंखा उघडतो. शेजारशेजारचे पंखे एकमेकांत मिसळून डोंगराच्या पायाशी काही किलोमीटर रुंदीचा सलग पट्टा झाला आहे. भूजलवाले त्याला ‘बझाडा’ म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश, अर्थ साधा: उतार. सरकारी कागदांत तो सुखाने नांदतो.

या पट्ट्यात पाणी टिकत नाही, मुरतं. हिमालयाखाली हल्द्वानी-रामनगरकडेही असाच पट्टा आहे, त्याला भाबर म्हणतात. तिथेही नद्या गोट्यांत गडप होतात, पण खाली तराईत पुन्हा वर येऊन दलदल करतात. सातपुड्याला अशी तराई नाही. इथे मुरलेलं पाणी शेकडो फूट खोल गाळात उतरतं आणि जमिनीखालीच राहतं. वर आणायचं तर माणसानेच.

माणसाने ते आणलं, आधी मोटेने, मग पंपाने, मग बोअरने. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग असे केळीचे शब्द इथल्या रोजच्या बोलण्यात आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच मातीतल्या भरिताच्या वांग्यालाही मिळालं, आणि खरं सांगायचं तर माझा जीव वांग्यातच जास्त अडकलेला आहे. पण केळीची तहान मोठी. ठिबक घरोघर पोहोचलं तरी वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, ते शेजारच्या नव्या बागेला गेलं. रावेर-यावलची नावं भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षं घेतली जात आहेत.

यात एक गंमत आहे, म्हटलं तर. पाणी मुरतं वर, दगडगोट्यांच्या पट्ट्यात, जिथे तडवी आणि पावरा आदिवासींची गावं आहेत. ते उपसलं जातं खाली, काळ्या गाळाच्या शिवारात. पायथ्याचं जंगल तुटलं, नाल्यातली वाळू-गोटे उचलले गेले, की खालच्या विहिरीला त्याचा जाब द्यावा लागतो. तरी विहीर आटली की शेतकरी आणखी खोल जातो. डोंगराकडे मान वळवून बघणारे थोडे.

तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी पायथ्यालगत फिरवून या दगडांतच मुरवायचं, ही ‘महापुनर्भरण’ योजना कित्येक वर्षं चर्चेत होती. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्यासाठी करार केला. कल्पना मला पटते: धरणात पाणी उघड्यावर तापत ठेवण्यापेक्षा निसर्गाने बांधलेलं कोठार वापरावं.

पायथ्याचं पाणी ओळखणारे मात्र चारशे वर्षांपूर्वीही होते. १६१५ मध्ये, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा उभा केला. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून सरकणारं पाणी वाटेतच भुयारात झिरपू द्यायचं आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणायचं. वरून ओळीने कुंड्या, हवा-उजेडासाठी आणि गाळ काढायला. मोट नाही, बैल नाही. आत भिंतींवर क्षारांचे पांढरे थर चढले आहेत, आणि त्यांच्यातून पाणी अजून ठिबकतं.