तलम आणि झिरझिरीत : पारदर्शक वस्त्राविषयीच्या लोकमताची मीमांसा

बारीक सुताच्या कापडाचे वर्णन करण्यासाठी मराठीत तीन विशेषणे रूढ आहेत : तलम, झिरझिरीत आणि विरविरीत. तिन्हींचा अर्थ स्थूलमानाने एकच, म्हणजे ज्यातून आरपार दिसते असे कापड. तथापि या शब्दांचे भाव परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. ‘तलम’ ही प्रशंसा होय; तीत विणकराचे कौशल्य आणि नेसणाऱ्याचे ऐश्वर्य सूचित होते. ‘झिरझिरीत’ म्हणताना बोलणाऱ्याच्या कपाळाला सूक्ष्म आठी पडलेली असते. ‘विरविरीत’ हे विशेषण वापरून वापरून झिजलेल्या लुगड्याला लागते आणि त्यात दारिद्र्याविषयीची कणव असते. सूत तेवढेच बारीक, अंग तेवढेच दिसते. निर्णय मात्र तीन. वस्त्राच्या पारदर्शकतेविषयी समाज जे मत देतो ते वस्त्राच्या गुणधर्मावरून देत नाही, तर दुसऱ्याच कशावरून तरी देतो, ही गोष्ट भाषेनेच अशा रीतीने नोंदवून ठेवली आहे. ते ‘दुसरे काही’ कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वस्त्राच्या प्रयोजनांची चर्चा करताना जे. सी. फ्लूगेल यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वस्त्रमानसशास्त्रावरील ग्रंथात तीन प्रेरणा सांगितल्या : अलंकरण, लज्जा आणि संरक्षण. यांपैकी अलंकरण आणि लज्जा या परस्परविरोधी असून वस्त्र हा त्या दोहोंमधील समझोता होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पारदर्शक वस्त्रात हा समझोता उघड्यावर येतो. कारण ते एकाच वेळी झाकते आणि दाखविते. म्हणूनच समाजाची लज्जेविषयीची कल्पना तपासण्यासाठी इतके उपयुक्त साधन दुसरे नाही. भारतीय सामग्रीच्या दृष्टीने मोतीचंद्र यांचा प्राचीन भारतीय वेशभूषेवरील हिंदी ग्रंथ (१९५०) आणि गो. स. घुर्ये यांचा भारतीय पोशाखावरील इंग्रजी ग्रंथ (१९५१) यांनी पाया घातलेला आहे. वेशभूषेचा इतिहास आणि वेशभूषेविषयीच्या मतांचा इतिहास हे मात्र दोन वेगळे विषय आहेत, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

रोम : नीती आणि नाणे

या मतांची अत्यंत प्राचीन आणि स्पष्ट नोंद रोमन वाङ्मयात आढळते. कॉस बेटावर विणल्या जाणाऱ्या झिरझिरीत रेशमी वस्त्रांचा उल्लेख करताना थोरल्या प्लिनीने, स्त्रीला वस्त्र नेसवूनही उघडी ठेवण्याची ही कला पॅम्फिली नावाच्या स्त्रीने शोधली, अशा आशयाचा उपरोध केला आहे. सेनेकाने तर अशा वस्त्राला वस्त्र म्हणावे काय, असाच प्रश्न उपस्थित केला. परंतु ही टीका केवळ स्त्रियांपुरती नव्हती. इ. स. १६ मध्ये रोमच्या सिनेटने रेशमी वस्त्रे पुरुषांनी वापरू नयेत असा ठराव केल्याचे टॅसिटस सांगतो. जुव्हेनलच्या दुसऱ्या उपरोधिकेत एक वकील अंगावर झिरझिरीत वस्त्र घालून भर न्यायसभेत व्यभिचारिणी स्त्रियांवर आरोप करतो आणि कोणी हटकले असता उन्हाळ्याची सबब सांगतो. दुसऱ्याच्या शीलाची झडती घेणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावरील वस्त्र कोणते, हा जुव्हेनलचा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

या नैतिक क्षोभामागे एक आर्थिक कारणही होते. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी साम्राज्यातील दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात, असा हिशेब प्लिनीने मांडला आहे. या व्यापारात महाराष्ट्राचाही वाटा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, येथून जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. विलासी वस्त्राचा निषेध करणाऱ्याच्या मनात लज्जेची चिंता किती आणि परदेशी जाणाऱ्या नाण्याची किती, हे वेगळे करून पाहिल्यावाचून त्या निषेधाचा अर्थ लागत नाही.

भारत : पवित्र आणि अपवित्र पारदर्शकता

पारदर्शकता म्हणजे असभ्यता हे समीकरण स्वयंसिद्ध नाही, याचा उत्तम पुरावा भारतीय शिल्पकला देते. पाचव्या शतकातील सारनाथच्या धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्तीचे चीवर इतके तलम दाखविले आहे की, त्याच्या कडांवरूनच ते अंगावर आहे हे कळते. येथे पारदर्शक वस्त्र विकाराचे नव्हे, विकारातीत अवस्थेचे चिन्ह झाले आहे. महाराष्ट्राच्या नित्याच्या आचारातही याला समांतर उदाहरण आहे. तीर्थाच्या घाटावर स्नान करून स्त्रीपुरुष ओलेत्याने देवाला प्रदक्षिणा घालतात. ओले वस्त्र अंगाला चिकटते, त्यातून अंग दिसते, आणि जागा तर पूर्णतः सार्वजनिक असते. तरीही तेथे कोणी आक्षेप घेत नाही. किंबहुना तेथे टक लावून पाहणाराच दोषी ठरतो. तेच ओलेते चित्रपटाच्या पडद्यावर आले की वाद उत्पन्न होतो. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ (१९७८) या चित्रपटावरील अश्लीलतेची फिर्याद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७९ च्या निर्णयात न्यायालयाने परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राला महत्त्व देऊन निर्मात्याविरुद्धचा खटला रद्द ठरविला. घाट आणि पडदा यांत वस्त्राचा भेद नाही. पाहण्याच्या हेतूचा आणि प्रसंगाचा आहे.

ढाक्याच्या मलमलीच्या प्रकारांना आब-ए-रवान म्हणजे वाहते पाणी, शबनम म्हणजे दव, बाफ्त-हवा म्हणजे विणलेली हवा, अशी नावे होती. मेघनेच्या काठी पिकणाऱ्या ‘फुटी’ कापसाचे सूत काढण्यास हवेतील दमटपणा आवश्यक असे. औरंगजेबाने आपल्या कन्येला अंग दिसते म्हणून रागे भरले असता, आपण वस्त्राचे सात पदर घेतले आहेत, असे उत्तर तिने दिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिची ऐतिहासिकता सिद्ध नाही. पण तिच्यातील तर्क विचारार्ह आहे. पिता दृष्टीने मोजतो, कन्या पदरांनी मोजते. सभ्यतेचे माप पाहणाऱ्याजवळ असावे की नेसणाऱ्याजवळ, हा या विषयातील मूळ वाद त्या आख्यायिकेत आलेला आहे.

पॅरिस : वर्ग आणि व्यापार

हीच मलमल अठराव्या शतकात युरोपात गेली तेव्हा रोमचीच कथा पुन्हा घडली. १७८३ च्या पॅरिस येथील कलाप्रदर्शनात व्हिजे-लब्रँ या चित्रकर्त्रीने राणी मारी आंत्वानेत हिचे साध्या पांढऱ्या मलमलीच्या पोशाखातील चित्र मांडले. राणी अंतर्वस्त्रातच लोकांसमोर आली, असा गिल्ला झाला. त्याबरोबरच परदेशी मलमल वापरून राणी लिआँच्या रेशीमविणकरांच्या पोटावर पाय आणते, असाही आरोप झाला. अखेर ते चित्र काढून रेशमी पोशाखातील दुसरे चित्र तेथे लावावे लागले. राज्यक्रांतीनंतर, १७९५ ते १७९९ या डायरेक्टरीच्या काळात, ग्रीक पुतळ्यांच्या अनुकरणाने अतिशय पातळ मलमलीचे झगे पॅरिसच्या प्रतिष्ठित स्त्रियांत रूढ झाले. इंग्लंडमध्ये गिलरे याने १७९६ मध्ये या फॅशनवर व्यंगचित्र काढले. वैद्यांनी सर्दी आणि छातीचे विकार यांची भीती घातली, तर धर्मोपदेशकांनी अधःपाताची. पुढे नेपोलियनने दरबारात लिआँच्या रेशमाला उत्तेजन दिले, तेव्हा त्यामागे शालीनतेपेक्षा इंग्रजी व्यापाराशी असलेले वैर प्रबळ होते. तात्पर्य, एकाच वस्त्रावर नीती, आरोग्य आणि अर्थ या तीन भाषांतून टीका होऊ शकते. यांपैकी कोणती भाषा वापरली जाते, यावरून टीकाकाराची खरी चिंता नेहमीच कळते असे नाही.

अंतःपुरातून रस्त्यावर

एकोणिसाव्या शतकातील बंगालचे उदाहरण ‘सार्वजनिक जागा’ या कल्पनेवर विशेष प्रकाश टाकते. तेथील भद्र कुटुंबांतील स्त्रिया चोळी-परकराशिवाय एकच तलम साडी नेसत. अंतःपुरात परपुरुषाचा प्रवेशच नसल्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटत नसे. फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासिनीने असा पोशाख पाहून त्याचा संबंध अंतःपुराच्या बंदिस्तपणाशी जोडला होता. प्रश्न उत्पन्न झाला तो स्त्री उंबरठ्याबाहेर पडू लागली तेव्हा. सत्येंद्रनाथ ठाकूर १८६४ मध्ये सनदी नोकरीसाठी मुंबई इलाख्यात आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांना बाहेर वावरण्याजोगा पोशाखच उपलब्ध नव्हता. मुंबईत पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहून त्यांनी चोळी, परकर आणि साडी यांचा जो मेळ घातला, त्यातून पुढे ब्राह्म समाजातील स्त्रियांत रूढ झालेली नेसण सिद्ध झाली. आज जी परंपरा म्हणून मानली जाते, ती स्त्रीच्या सार्वजनिक जीवनातील प्रवेशाची निर्मिती आहे.

महाराष्ट्रात नऊवारी लुगड्याच्या काष्ट्यामुळे पोटऱ्या उघड्या राहत, पण त्याला कोणी निर्लज्जपणा म्हटले नाही. उलट पाय घोट्यापर्यंत झाकणारे गोल पातळ जेव्हा आले, तेव्हा जुन्या पिढीला तेच थिल्लर वाटले. ‘पातळ’ हे नाव साडीलाच पडावे, यातही त्या काळच्या आश्चर्याची खूण राहिली आहे. अंग किती झाकले गेले यावर मत अवलंबून नव्हते, परिचयावर होते.

परंतु परिचय हे सौम्य स्पष्टीकरण झाले. त्रावणकोरचा इतिहास अधिक कठोर आहे. तेथे नाडार स्त्रियांनी उच्च जातींच्या स्त्रियांप्रमाणे वक्षस्थळावर वस्त्र घेणे हाच उद्धटपणा मानला जाई. वस्त्र घेणाऱ्या स्त्रियांवर हल्ले झाले, त्यांची वस्त्रे फाडण्यात आली. दीर्घ संघर्षानंतर १८५९ च्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकण्याची मुभा मिळाली, तीही उच्च जातींच्या पद्धतीने नेसू नये या अटीवर. म्हणजे एकीकडे स्त्रीने अंग झाकले नाही म्हणून शिक्षा, तर दुसरीकडे झाकले म्हणून शिक्षा. या दोन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट एकच : स्त्रीने काय नेसावे हे दुसऱ्याने ठरविण्याचा अधिकार.

मत आणि दंड

लोकमत जोपर्यंत नापसंतीच्या रूपात असते तोपर्यंत तो समाजशास्त्राचा विषय होय. त्याला दंडाचे बळ मिळाले की तो न्यायाचा विषय होतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २९४ अन्वये सार्वजनिक ठिकाणी, इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने अश्लील कृत्य करणे हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २९६ म्हणून आली आहे. ‘अश्लील’ म्हणजे काय, याची निश्चित व्याख्या दोन्हींत नाही. १९६४ च्या उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विकारवश होऊ शकणाऱ्या मनावर काय परिणाम होईल, ही इंग्लंडमधील जुनी कसोटी स्वीकारली होती. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात ती मागे टाकून समकालीन सामाजिक मानदंडाची कसोटी मान्य झाली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, आखूड कपडे घालून नृत्य करणे एवढ्यावरून ते अश्लील कृत्य ठरत नाही, असे म्हणून एक गुन्हा रद्द केला. लोकांचा संकोच आणि कायद्याला अभिप्रेत असलेला उपद्रव यांत अंतर आहे, हे तत्त्व यातून निष्पन्न होते.

तथापि नवी कसोटीही सर्वस्वी निर्धोक नाही. ‘सामाजिक मानदंड’ म्हणताना समाज कोणता, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्रावणकोरमध्ये १८५९ पूर्वी समकालीन मानदंड कोणता होता आणि तो कोणी ठरविला होता, हे वर पाहिलेच आहे. बहुमत हे मानदंडाचे प्रमाण असू शकते, न्यायाचे नव्हे.

याविरुद्ध एक आक्षेप संभवतो. सार्वजनिक जागा ही सर्वांची असल्याने तेथे वावरणाऱ्या इतरांच्या भावनांना काहीच मोल नाही काय? मोल अवश्य आहे. शाळा, देवालय, न्यायालय, शोकसभा अशा ठिकाणी प्रसंगोचित पोशाखाची अपेक्षा बाळगणे अन्याय्य म्हणता येणार नाही. ती अपेक्षा स्त्रीपुरुष दोघांनाही सारखी लागू असली म्हणजे झाले. पण अपेक्षा भंग पावल्यास नापसंती दर्शविणे वेगळे आणि त्या वस्त्राला छेडछाडीचे किंवा हल्ल्याचे निमित्त म्हणून पुढे करणे वेगळे. पहिल्यात सभ्यतेचा आग्रह आहे. दुसऱ्यात पाहणाऱ्याच्या वर्तनाचा दोष नेसणारीच्या माथी मारला जातो. घाटावरील ओलेत्याकडे पाहून नजर खाली वळविणारा समाज हा संयम रस्त्यावर पाळू शकत नाही, असे मानण्यास आधार नाही.

या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून केवळ ‘वस्त्र योग्य की अयोग्य’ एवढीच मते गोळा करून थांबू नये. नेसणारी व्यक्ती कोण, जागा कोणती, मत देणारा कोण आणि त्याच्या मताच्या पाठीशी कोणते बळ आहे, या चार गोष्टी प्रत्येक मताबरोबर नोंदविल्या पाहिजेत. तसे केल्यास ‘तलम’ आणि ‘झिरझिरीत’ यांतील अंतर सुताच्या जाडीत सापडणार नाही; ते माणसामाणसांतील अधिकाराच्या अंतरात सापडेल.